येळकोट ते येळवस

मार्गशीर्ष लागला की बिदर-भालकी रस्त्यावर हळदीने माखलेली कपाळे दिसू लागतात. कुणी जीपमध्ये दाटीवाटीने बसलेले, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कुणी नवस बोलल्याप्रमाणे पायी. गाड्या कुठल्या म्हणून विचारावे तर एक उदगीरची, एक जहिराबादची, एक चिंचोळीची. मुक्काम मात्र सगळ्यांचा एकच, खानापूरचा मैलार. चंपाषष्ठी होऊन नऊ दिवस गेले की दत्तजयंती. त्या दिवशी हुमनाबादजवळच्या माणिकनगरात आणि भीमाकाठच्या गाणगापुरात पाय ठेवायला जागा नसते. त्यानंतर पंधरवड्याने येते येळवस. त्या दिवशी गावात कुत्रेसुद्धा सापडत नाही, सगळे गाव शेतात असते. म्हणजे एका महिन्यात षष्ठी, पौर्णिमा आणि अमावस्या अशा तीन तिथी, आणि तिन्हींची गाणी वेगळी.

गेल्या मार्गशीर्षात मी ठरवून हा सगळा महिना फिरले. देवदर्शन झालेच, पण निघाले होते गाणी ऐकायला. त्याचे कारण एक छापील तक्ता.

माझ्या नणंदेची मुलगी कॉलेजात शिकते. तिच्या वर्गाला लोकगीते गोळा करून आणायला सांगितले होते. तक्त्यात रकाने होते: गीत, गायिकेचे नाव, वय, भाषा. पोरीने आपल्या अज्जीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गाठले आणि जात्यावरचे एक गाणे उतरवून घेतले. त्याची सुरुवात मराठी, पुढचा भाग कन्नड. "मामी, भाषेच्या रकान्यात काय लिहू?" तिने मला विचारले. दोन्ही लिही म्हटले. तिने लिहिले, आणि तक्ता परत आला. एकच भाषा लिहा, असा शेरा. मुदत संपत आली होती, म्हणून बिचारीने मराठी ओळी खोडल्या आणि "कन्नड" लिहून तो देऊन टाकला. गाणे अर्धे झाले आणि तक्ता पूर्ण झाला.

मी सासूबाईंना विचारले, "अत्ती, ते गाणं कन्नड का मराठी?" त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जोंधळं दळायचं गाणं हाय."

हे उत्तर डोक्यात घेऊनच मी खानापूरला गेले.

मैलारच्या देवळाबाहेर चंपाषष्ठीला काय ऐकू येते म्हणाल तर सगळेच एकदम ऐकू येते. एका झाडाखाली आपल्या वाघ्या-मुरळीचे जागरण चाललेले. हातात दिमडी, शेजारी तुणतुणे आणि घोळ. दिमडी पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, आता बहुतेक दिमड्या दुसऱ्याच कशाने मढवलेल्या असतात. एका वाघ्याने ती माझ्या कानाशी वाजवून दाखवली आणि म्हणाला, "बाई, आवाज हाय, पर ओलावा न्हाई." दहा पावलांवर काळी घोंगडी पांघरलेले कन्नड गोरव डमरू वाजवीत उभे. वाघ्याला कन्नडमध्ये वग्गय्या म्हणतात. दोघेही देवाचे कुत्रे म्हणवून घेतात, दोघेही प्रसंगी भुंकून दाखवतात. त्यापलीकडे तेलंगणातून आलेले लोक आपल्या मल्लन्नाची कथा तेलुगूत लावून बसलेले. तिला तिकडे ओग्गु कथा म्हणतात. ओग्गु म्हणजे त्यांचा डमरूच.

देव तोच, त्याची दोन लग्नेही तीच. मराठीत म्हाळसा आणि बाणाई, कन्नडमध्ये गंगी माळव्वा आणि तिची सवत. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची, आणि त्या दोघींच्या भांडणावर रात्रच्या रात्र गाणी होतात. आमच्या लिंगायत बायका ती गाणी ऐकताना म्हाळसेची बाजू घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शेवटी आपली लेक ती आपली. शेजारी बसलेल्या धनगरणी अर्थातच बाणाईच्या वाक्याला माना डोलावतात.

आणि मग एकदम भंडारा उधळला जातो आणि येळकोटाचा गजर उठतो. आता गंमत पहा. जेजुरीला, पालीला लाखो मराठी माणसे "येळकोट" म्हणतात. त्यांतल्या किती जणांना ठाऊक असते की तो कन्नड आकडा आहे? एळु म्हणजे सात, कोटि म्हणजे कोटी. देवाचे सात कोटींचे सैन्य. घरी कन्नड बोलणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. पण पुण्या-साताऱ्याकडच्या माझ्या मैत्रिणींना सांगितले की त्या चकित होतात, आणि एकदोघींना तर ते आवडतही नाही. खंडोबा असा कन्नड मोजतो हे त्यांना पटत नसावे. तिकडे ज्ञानदेवांनी विठ्ठलालाही कानडाच म्हणून ठेवले आहे, त्याला त्या काय करणार?

मैलारच्या आवारात राज्ये तीन दिसतात, पण एके काळी हा एकच जिल्हा होता. निजामाच्या राज्यातल्या बिदर जिल्ह्यात उदगीर, निलंगा, अहमदपूर होते. जहिराबाद, नारायणखेड होते. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेप्रमाणे वाटणी झाली. उदगीर-निलंगा-अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. वाटणी योग्य की अयोग्य, यावर या भागात पुष्कळ शाई आणि घाम गाळून झाला आहे. मी त्यात पडत नाही. माझे माहेर उदगीर, सासर भालकी. एके काळी हा लग्नसंबंध जिल्ह्यातल्या जिल्ह्यातला ठरला असता, आता तो दोन राज्यांतला आहे. देवाच्या दारी बसणाऱ्या गाणाऱ्यांना मात्र या वाटणीची नोटीस मिळालेली दिसत नाही.

माझ्या सासरी सोमवारी भजन असते. आधी बसवण्णांची, अक्कमहादेवींची कन्नड वचने. मग मन्मथस्वामींचे मराठी अभंग, तेच बीड जिल्ह्यातल्या कपिलधारचे. त्यांनी सोळाव्या शतकात 'परमरहस्य' मराठीत लिहिले, म्हणून मराठवाड्यातल्या लिंगायतांना आपला धर्म आपल्या बोलीत वाचता आला. दोन्हींना टाळ-मृदंग तोच. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटले, पाहुण्यांसाठी असे दोन्ही म्हणत असतील. चार सोमवार गेल्यावर कळले, इथली रीतच ती. कॅसेटच्या दिवसांत तर आमच्या कपाटात भीमसेन जोशींची संतवाणी आणि दासवाणी शेजारी शेजारी असत, आणि कव्हरे हरवल्यामुळे कोणती कुठली ते लावल्याशिवाय समजत नसे. गदगचा हा गवई तुकोबाही गायचा आणि पुरंदरदासही, आणि दोन्ही घरचेच वाटायचे.

दत्तजयंतीला माणिकनगरला गेले तेव्हा नणंद आणि तिचा एक भाचा बरोबर होता. हा मुलगा नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला असतो. सुटीवर आला होता. त्याची हकीकत पुढे येईलच.

माणिकनगर हुमनाबादला लागूनच आहे. माणिकप्रभूंचा जन्म १८१७ चा, बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा. १८४५ च्या सुमारास ते इथे स्थिरावले, १८६५ मध्ये त्यांनी समाधी घेतली. त्यांच्या संप्रदायाचे नावच सकलमत, म्हणजे सगळी मते मान्य. प्रभूंनी पदे केली ती मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत आणि संस्कृतात. त्यांच्या गादीवर पुढे आलेल्या मार्तंड माणिकप्रभूंनीही पुष्कळ रचना केली. हे लोक कवी म्हणून भाषा बदलत होते असे मला वाटत नाही. समोर जो माणूस हात जोडून बसला आहे तो ज्या बोलीत रडतो, त्या बोलीत त्याला उत्तर द्यायचे, इतका सरळ हिशेब असावा. निजामाच्या राज्यातले हे गाव. दारात मराठी देशपांडे, लिंगायत वाणी, हैदराबादचे मुसलमान सरदार, तेलुगू रेड्डी. एका भाषेत दरबार भरवून चालणार तरी कसे?

दरबार हा शब्द मी उगीच वापरला नाही. उत्सवात इथे खरोखरच दरबार भरतो आणि त्यात गाणे होते. या गादीला गवयांची फार ओढ. मोठमोठ्या कलावंतांनी इथे हजेरी लावलेली आहे. मी बसले होते तेव्हा एक तरुण गायक मारवा लावीत होता. माझ्या शेजारी धोतर नेसलेला एक म्हातारा शेतकरी. त्याला रागाचे नाव ठाऊक नव्हते. पण समेवर त्याचा हात मांडीवर बरोबर पडत होता. मध्येच तो कन्नडमध्ये मला म्हणाला की पोरगा चांगला आहे, पण घाई करतो. नंतर भजन सुरू झाले. मराठी पद संपले आणि त्याच ठेक्यावर कन्नड पद लागले. मधे कुणी "आता कन्नड पद" असे जाहीर केले नाही. म्हातारा दोन्हींत सारखाच सामील.

माणिकनगरहून बसवकल्याण जवळ. दुसऱ्या दिवशी आम्ही तिकडे गेलो. लोक इथे अनुभवमंटपासाठी येतात, ते योग्यच आहे. पण मला किल्ल्यावर एका वेगळ्याच माणसाची आठवण काढायची होती. हे गाव म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. इथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा भलामोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकीचे सगळे विषय आहेत. हत्ती, घोडे, मासे, पक्वान्ने, खेळ आणि गाणे. खाण्यापिण्याबद्दल तर इतके बारकाईने लिहिले आहे की राजा स्वयंपाकघरात डोकावत असला पाहिजे असे वाटते. त्याच ग्रंथात गाण्यांचे प्रकार सांगताना तो म्हणतो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ओवीविषयीच्या जुन्यात जुन्या नोंदींपैकी ही एक. ज्ञानेश्वरीच्या दीडएकशे वर्षे आधीची.

म्हणजे मराठी बाईच्या ओवीची नोंद केली ती कन्नड मुलखातल्या राजाने, संस्कृतात, आणि आजच्या बिदर जिल्ह्यात बसून. त्याला ओवी ठाऊक कशी झाली असेल? पुस्तकातून नक्कीच नाही. त्याच्याच वाड्याच्या मागल्या अंगणात उखळावर कुणी मराठी मुलखातली बाई कांडत असेल, आणि ती गात असेल. हा माझा तर्क. पण किल्ल्याच्या पडक्या भिंतीशी उभे राहून तो करताना मला फार बरे वाटले.

हुमनाबादहून कलबुर्गीला आम्ही रेल्वेने गेलो. ही लाइन २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. तिची वाट पाहण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. डब्यात गर्दी कमी होती. खिडकीबाहेर तूर आणि मधूनच करडईचे हिरवे पट्टे. तेव्हा त्या भाच्याने बोलायला सुरुवात केली.

त्याने सांगितले की तिकडे जूनमध्ये सर्वांत मोठा दिवस असतो तेव्हा लोक मैदानात फुलापानांनी सजवलेला खांब उभारतात आणि फिडल वाजवून त्याभोवती नाचतात. त्या फिडलवर वाजणाऱ्या चालींत सगळ्यांत लाडकी चाल पोल्स्का. तीन ठेक्यांची, पण प्रत्येक भागात तिचा झोका निराळा. त्याने तिथल्या एका म्हाताऱ्या वादकाला विचारले, पोल्स्का म्हणजे काय? म्हातारा हसून म्हणाला, पोलंडची. स्वीडनचे लोक ज्या चालीला हृदयाशी धरतात तिचे नावच परदेशी! मी त्याला म्हटले, अरे, मग हा त्यांचा येळकोटच झाला की.

त्याची दुसरी गोष्ट मला जास्त उपयोगी वाटली. तिकडे चालींना बहुधा स्वतंत्र नाव नसते. अमक्या गावच्या तमक्या वादकाकडून आलेली पोल्स्का, अशीच ती ओळखली जाते. वाजवणारा वाजवण्यापूर्वी ते नाव घेतो. पुढे घरी आल्यावर मी या विषयावर थोडे वाचले. नील्स आंदेर्शोन नावाचा एक कायद्याचा माणूस होता. त्याच्या पुढाकाराने १९०८ मध्ये तिकडे लोकसंगीत गोळा करणारे एक मंडळ स्थापन झाले. खेडोपाडी म्हातारे वादक गाठून चाली उतरवून घेतल्या, आणि १९२२ ते १९४० या काळात त्या चोवीस भागांत छापल्या. भाग पाडले ते प्रांतांप्रमाणे, आणि आत चाली लावल्या त्या वादकाप्रमाणे. कोण, कुठला, कुणाकडून शिकला. आधी माणूस, मग चाल. शिवाय स्टॉकहोममध्ये १९५१ पासून जुन्या गाण्यांसाठी वेगळे संग्रहालयच आहे. देश थंडीचा, लोक मोजके, पण गाण्याला घर बांधून दिले.

आपल्याकडे कुणी काही केलेच नाही, असे मात्र म्हणता यायचे नाही. विजापूर जिल्ह्यातले हलसंगी हे सोलापूरच्या सीमेजवळचे खेडे. तिथल्या मधुरचेन्न, सिंपी लिंगण्णा आणि त्यांच्या मित्रांनी बायकांची जात्यावरची पदे गोळा करून १९३१ साली 'गरतिय हाडु' हे पुस्तक काढले. गरती म्हणजे घरंदाज गृहिणी. इकडे साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास 'स्त्री जीवन' मध्ये ओव्या आणल्या. पुढे पुण्यात गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यांतल्या बायकांनाच बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्यांचे प्रचंड काम केले. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या. २०१७ पासून त्या 'पारी' या संकेतस्थळावर क्रमाने येत आहेत. त्यांत बाईचे नाव आहे, गाव आहे, तिची जातपात आणि तिचा प्रपंचही आहे. ते काम पाहून डोळे निवतात. फक्त एवढेच की कन्नड गोळा करणारे कन्नड शोधत आले आणि मराठी गोळा करणारे मराठी. कर्नाटकातली गावे त्या मोठ्या संग्रहात अगदी मोजकीच आहेत. ज्या बाईचे अर्धे गाणे इकडचे आणि अर्धे तिकडचे, ती दोघांच्याही वहीत बसत नाही.

कलबुर्गीत मात्र जात्याला तिसरी भाषा भेटली. ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यात पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. ख्वाजासाहेब बहामनी सुलतान फिरोजशाहच्या काळात दिल्लीकडून इथे आले आणि १४२२ मध्ये इथेच निवर्तले. दख्खनी भाषेत 'चक्कीनामा' म्हणून एक प्रकार आहे. सूफी लोकांनी बायकांसाठी रचलेली दळणाची गाणी. एक चक्कीनामा ख्वाजासाहेबांच्या नावावरही सांगतात. तो त्यांचाच की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण प्रकार जुना आहे हे नक्की. या गाण्यांत जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाच्या नावाचे पहिले अक्षर, अशा कल्पना असतात. दळता दळता पीठही पडावे आणि नामस्मरणही व्हावे. जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसला, ती हीच जागा. धर्म वेगळा, बोली वेगळी, पण पहाटे चारला उठून दोन पायली दळणे सगळ्यांच्याच नशिबी सारखे.

या जिल्ह्यात गाणे असे सारखे इकडून तिकडे जात असते. जेवर्गीकडच्या कडकोळ मडिवाळप्पांची तत्त्वपदे एकतारीवर गातात. त्याच परंपरेत चेन्नूरचे जलालसाब झाले. मोहरममध्ये करबलाची कहाणी रिवायत म्हणून कन्नडमध्ये गातात, आणि गाणाऱ्यांत हिंदू पुष्कळ. गाणगापूरवर या पानांतून इतके लिहून आले आहे की मी भर घालत नाही. एवढेच आठवण करून देते की 'गुरुचरित्र' मराठीत लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची घरची भाषा कन्नड होती. पारायणाला बसणाऱ्या किती घरांत हे सांगितले जाते?

आता येळवस. मराठी वर्तमानपत्रांत तिला वेळ अमावस्या छापतात. कन्नडमध्ये ती एळ्ळ अमावास्ये, एळ्ळु म्हणजे तीळ. लातूर-धाराशिवपासून कलबुर्गीपर्यंत हा एकच सण, आणि बाहेरच्यांना तो ठाऊकही नसतो. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. नव्या मडक्यात आंबील. तुरीच्या, वाटाण्याच्या ओल्या दाण्यांची आणि मिळतील तितक्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. पूजा झाली की घरधनी आंबील शिंपडत शेताला फेरी घालतो आणि मोठ्याने हाळी देतो. लातूरकडे ती हाळी ऐकली तर तिच्यातले शब्द मराठीत कुठेच बसत नाहीत. म्हणणाऱ्यांनाही अर्थ सांगता येत नाही. येळकोटासारखीच हीही गोष्ट असावी.

आम्ही येळवशीला सासूबाईंच्या माहेरी गेलो होतो, औराद तालुक्यातल्या खेड्यात. अत्तींचे वय आता अठ्ठ्याहत्तर. कोपीच्या सावलीत जेवणे झाल्यावर मी मोबाइल पुढे धरला आणि म्हटले, अत्ती, ते गाणे म्हणा. त्या दोन ओळी म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. मग वैतागून म्हणाल्या, "हात फिरल्याबिगर शबुद येत न्हाई गं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावाच्या गोठ्यातले जाते शोधून काढले. वरची तळी कपडे धुवायचा दगड म्हणून वापरात होती, खालची गव्हाणीपाशी. धुऊन, पुसून पडवीत मांडले. खुंटा नवा ठोकला. गावात वीज येऊन पिठाची गिरणी झाल्यापासून त्या जात्याला कुणी हात लावला नव्हता. मी नुसतेच फिरवून पाहणार तेवढ्यात अत्तींनी माझा हात धरला. रिकामे जाते फिरवू नये. त्यांनी मूठभर जोंधळे घातले, मला समोर बसवले, आणि दोघींनी खुंटा धरला. चार-सहा फेरे झाले असतील. आवाज आपोआप लागला.

त्या दिवशी मला ते गाणे नीट ऐकू आले. मराठी ओवी दोन ओळींत पुरी होते. कन्नडचे बीसुव पद तीन ओळींचे, त्रिपदी. हा छंद फार जुना. बदामीच्या कप्पे अरभट्टाच्या सुमारे तेराशे वर्षांपूर्वीच्या शिलालेखात तो आहे, सर्वज्ञाने आपली वचने त्यातच केली. अत्ती दोन्हींना जोडत होत्या तो सांधा गमतीचा होता. मराठी दोन ओळी सरळ म्हणायच्या. कन्नडकडे वळताना मधला अर्धा चरण दोनदा घ्यायचा, त्या वेळात जात्याचा एक फेरा जास्तीचा पुरा होतो. मग तिसरी ओळ. ऐकणाऱ्याला भाषा बदलल्याचे कळत नाही, कारण दगडाची घरघर बदलत नाही.

आणि कोणता भाग कुठल्या भाषेत होता? भाऊ, आई, माहेरची वाट, पंचमीचा झोका, हे सगळे मराठीत. उंबरा, सासू, धाकटा दीर, पाळण्यातले पोर, हे कन्नडमध्ये. मी म्हटले, अत्ती, हे असे का? त्यांना प्रश्न विचित्र वाटला. "वरलं आईनं शिकिवलं, खाललं माझ्या अत्तीनं." चौदाव्या वर्षी त्या लग्न होऊन भालकीला आल्या तेव्हा त्यांना कन्नड येत नव्हते. सासूला मराठी जेमतेम. पहाटे दोघी समोरासमोर जात्याला बसत. सून आपली ओवी म्हणे, सासू आपले पद. सहा महिन्यांत सुनेला कन्नड आले ते असे, खुंट्याला धरून. सासू रागीट होती, पण गाताना कधी रागावली नाही, असे अत्ती म्हणाल्या.

कॉलेजच्या तक्त्यात पोरीने ज्या ओळी खोडल्या त्या त्यांच्या आईच्या होत्या.

हे मी तिला सांगितले तेव्हा ती गप्प झाली. मग तिनेच एक जाड वही आणली. भाषेचा रकाना तिने ठेवलेला नाही. पानाच्या डोक्यावर बाईचे नाव, माहेर, सासर, कोणत्या कामाचे गाणे, आणि कुणाकडून शिकले. पुढे देवनागरीत आणि कन्नड लिपीत दोन्हीकडे गाणे उतरवते, कारण आपल्या घरांत काहींना एक लिपी वाचता येते, काहींना दुसरी. अत्तींची आतापर्यंत एकोणीस गाणी झाली आहेत. शेजारच्या दोघी म्हाताऱ्या आपण होऊन आल्या. एक लमाणी तांड्यातली आहे, तिची गाणी आम्हाला कुणालाच समजत नाहीत, पण उतरवून घेणे चालू आहे. तिची नात अर्थ सांगते. म्हाताऱ्यांपैकी दोघींना ऐकू कमी येते, म्हणून सगळे जरा घाईने चालले आहे.

अडचण आहे ती जात्याची. तळ्या गुळगुळीत झाल्या आहेत. जोंधळा भरडतो, पीठ पडत नाही, आणि पीठ पडेना की अत्ती गाणे सोडून जात्यालाच बोलू लागतात. त्याला टाकी लावायला हवी. पूर्वी टाकी लावणारे वर्षातून एकदा गावात हाळी देत फिरत, आता कुणी दिसत नाही. उदगीरच्या आठवडी बाजारात विचारून झाले. बिदरला जुन्या गावात पाटे-वरवंटे विकणाऱ्यांपैकी एक जण अजून हे काम करतो असे कळले आहे, त्याच्याकडे संक्रांतीनंतर जाणार आहे. वाचकांपैकी कुणाला भालकी-औराद भागात असा माणूस ठाऊक असेल तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावे.